गाडीचे पाणी जाते कोठे? इंजिनातील शीतकाच्या गळतीचे निदान

मोटारगाडी ही आता केवळ शहरातील सुखवस्तू कुटुंबांची वस्तू राहिलेली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, पंचायत समितीची जीप, शाळेतील मुलांची ने-आण करणारी गाडी आणि बाजाराच्या दिवशी चार गावांची माणसे वाहून नेणारे प्रवासी वाहन ही सर्व ग्रामीण जीवनाची अंगे बनली आहेत. अशा गाड्या बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक मात्र सहसा एकाएकी उद्भवत नाही. ते दिवसेंदिवस आपल्या खुणा दाखवीत वाढत जाते आणि त्या खुणा वेळीच न वाचल्यामुळे अखेर इंजिनच निकामी होते. हे कारण म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची गळती होय.

'रेडिएटरमधील पाणी कमी होते' ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि तीवरचा उपायही सर्वत्र सारखाच असतो. बाटलीभर पाणी ओतावयाचे आणि पुढे निघावयाचे. परंतु हा उपाय नव्हे. जखमेतून रक्त वाहत असताना जखम न शोधता रोग्याला केवळ पाणी पाजीत राहावे, तसाच हा प्रकार आहे. पाणी नेमके कोठून जाते हे कसे शोधावे, कोणत्या क्रमाने शोधावे आणि घाईने निष्कर्ष काढल्यास काय हानी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाण्याचे काम

इंजिनात इंधन जळते तेव्हा ज्वलनाच्या क्षणी वायूंचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ज्या ॲल्युमिनिअमपासून आजच्या बहुतेक इंजिनांचा वरचा भाग बनविलेला असतो, तो धातू ६६० अंशांच्या सुमारास वितळतो. तरीही इंजिन वितळत नाही, याचे श्रेय त्याच्या भिंतींतून अखंड फिरणाऱ्या पाण्याकडे जाते. इंधनातील उष्णतेपैकी साधारणपणे एक तृतीयांश भागाचेच चाके फिरविण्याच्या कामात रूपांतर होते. सुमारे तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप हे पाणी इंजिनातून रेडिएटरकडे ढकलतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना ते हवेच्या झोताने थंड होते आणि पुन्हा इंजिनात येते. इंजिन थंड असताना रेडिएटरकडे जाणारी वाट थर्मोस्टॅट नावाची झडप बंद ठेवते. पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापले की ती उघडते.

या पाण्यात इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. अशा मिश्रणास शीतक, आणि गॅरेजच्या भाषेत कूलंट, असे म्हणतात. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण साध्या हवेच्या दाबाखाली सुमारे १०६ अंशांपर्यंत उकळत नाही. शिवाय रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नसून स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्टीप्रमाणे ते दाब राखून ठेवते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. हवेच्या दाबापेक्षा किती अधिक दाब आत राहू शकेल, हे तो सांगतो. त्याचे एकक बार आहे. एक बार जादा दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही.

झाकण नादुरुस्त झाले किंवा कोठेही छिद्र पडले, की हा दाब टिकत नाही आणि पाणी आधीच उकळू लागते. उंचीवर ही अडचण आणखी वाढते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर असलेल्या उज्जैनला उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांवर नव्हे, तर ९८ अंशांच्या किंचित वर उकळते. याचा अर्थ असा की, गळती म्हणजे केवळ पाण्याची नासाडी नव्हे. गळती म्हणजे दाबाचा नाश, आणि दाब गेला की उरलेले पाणीही आपले काम नीट करू शकत नाही.

पाणी संपत नाही, ते जाते

मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात पाणी खर्च होणे हा दोष नव्हता. १८८६ साली कार्ल बेंझ यांनी जर्मनीत ज्या तीनचाकी गाडीचे एकस्व घेतले, तिचे इंजिन पाण्याची वाफ करूनच थंड राहत असे. १८८८ साली त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत त्या गाडीने प्रवास केला, तेव्हा वाटेत त्यांना वारंवार पाणी भरावे लागले. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला आणि थोडक्या पाण्यावर मोठे इंजिन थंड ठेवणे शक्य झाले.

आजच्या गाडीतील जलशीतनाची व्यवस्था बंदिस्त असते. तेच पाणी फिरून फिरून वापरले जाते. डिझेल जळते म्हणून संपते, पण शीतक जळण्यासाठी नसतेच. म्हणून निरोगी गाडीत महिनोन्‌महिने पातळी जवळजवळ जागची हलत नाही. ती वारंवार खाली जात असेल, तर पाणी 'संपले' असे म्हणणे चूक आहे. ते कोठे तरी गेले आहे आणि जाताना त्याने खूण ठेवली आहे. निदानाचे सारे शास्त्र या एका वाक्यावर उभे आहे.

उज्जैनच्या अंगणातील एक जीप

उज्जैन आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकाळेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि पुढील शतकात बायजाबाई शिंदे यांनी तेथील गोपाळ मंदिर उभारले. आजही खानदेशातून आणि विदर्भातून कुटुंबेच्या कुटुंबे जीपगाड्यांनी दर्शनास जातात. सिंहस्थाचा मेळा तर ऐन उन्हाळ्यात भरतो. २०१६ साली तो एप्रिल-मे महिन्यांत भरला होता आणि पुढील मेळा २०२८ साली भरावयाचा आहे. या दिवसांत माळव्यात पारा ४० अंशांच्या वर जातो.

समजा, अशाच एका उन्हाळ्यात धुळे जिल्ह्यातील एक जीप नऊ यात्रेकरूंना घेऊन निघाली आहे. शिरपूर ओलांडल्यावर ती सातपुड्यातील बिजासनचा घाट चढते आणि सेंधव्याला पोहोचते. पुढे खलघाटला नर्मदा ओलांडून विंध्याचा घाट चढत ती मानपूरला येते आणि इंदूरमार्गे उज्जैन गाठते. तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतराच्या या वाटेवर दोन मोठे चढ आहेत आणि दोन्ही चढांवर इंजिनाला पूर्ण ताकद लावावी लागते. चालकाने सेंधव्याला एक लिटर, खलघाटला एक लिटर आणि मानपूरला दीड लिटर पाणी भरले. मानपूरजवळ एका गॅरेजमध्ये त्याला सांगण्यात आले की, हेड गॅस्केट गेले असावे, इंजिन उघडावे लागेल.

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. तो आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये जी चपटी जोडपट्टी बसविलेली असते, तिला हेड गॅस्केट म्हणतात. ते बदलणे म्हणजे इंजिन अर्धे उकलणे होय. त्यात दिवस जातात आणि खर्चही बराच येतो. जीप कर्जाऊ घेतलेली, यात्रेकरूंचा परतीचा दिवस ठरलेला, आणि हाती असलेले पैसे परतीच्या डिझेलापुरते. गॅरेजचे म्हणणे खरे असेल तर पुढे जाणे धोक्याचे, आणि खोटे असेल तर तो खर्च व्यर्थ. चालकाने गाडी हळूहळू उज्जैनपर्यंत आणली, धर्मशाळेच्या अंगणात उभी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका जुन्या मिस्त्रीला बोलाविले. त्या मिस्त्रीने अवजारांच्या पेटीला तासभर हात लावला नाही. त्या तासात त्याने जे केले, तोच या पाठाचा विषय आहे.

पहिली पायरी: थांबणे

निदान थंड इंजिनावर करावयाचे असते. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे म्हणजे वाफेने भरलेल्या कुकरचे झाकण ओढून काढण्यासारखे आहे. दाब एकाएकी नाहीसा होताच १०० अंशांच्या वर तापलेल्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ बनतो, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा व्यापते. हे उकळते पाणी चेहऱ्यावर व हातांवर उडून गंभीर भाजण्याचे प्रसंग रस्तोरस्ती घडत असतात.

गाडी तापल्याचे लक्षात येताच ती कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक वेळ, थांबावे. रेडिएटरला जाणारी वरची जाड रबरी नळी हाताला कोमट लागावी व दाबली असता मऊ लागावी, मगच झाकणावर जाड फडके ठेवून ते सावकाश सैल करावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, त्यायोगे धातूला तडा जाण्याचा संभव असतो.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तापमानदर्शक काटा पाण्याचे तापमान सांगतो. पाणी फारच कमी झाले आणि काट्याचा संवेदक कोरडा पडला, तर इंजिन होरपळत असतानाही काटा खालीच राहू शकतो. म्हणून 'काटा तर ठीक होता' ही सबब इंजिन वाचवीत नाही.

दुसरी पायरी: विचारणे

उज्जैनमध्ये सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. वेध घेणाऱ्यांचा एक साधा दंडक असतो. आधी पाहावे, मग नोंदवावे आणि शेवटी अनुमान करावे. मोटारीच्या दोषालाही हाच दंडक लागू पडतो.

मिस्त्रीने चालकाला चार प्रश्न विचारले. पाणी किती किलोमीटरांत किती कमी होते? चढावर अधिक जाते की सपाटीवरही तेवढेच? रात्रभर उभ्या गाडीखाली ओल दिसते का? आणि भरलेले पाणी कोणते होते? चालकाची उत्तरे अशी होती. चढावर अधिक जाते, गाडीखाली ओल दिसत नाही, आणि गेले वर्षभर कूलंट न घालता बोअरचे पाणीच भरले जात आहे. ओल दिसत नाही, म्हणजे पाणी इंजिनाच्या आतच जाते, असे त्याचे अनुमान होते आणि ते ऐकूनच मानपूरच्या गॅरेजने हेड गॅस्केटचे नाव घेतले होते.

हे अनुमान वरवर तर्कशुद्ध वाटते, तरी ते पुरेसे नाही. चालत्या गाडीत तापलेल्या लोखंडावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, तो तेथल्या तेथे वाफ होऊन जातो. काही गळती केवळ दाब असतानाच वाहते आणि इंजिन थंड झाले की थांबते. उलट काही जोड गार झाल्यावर आकुंचन पावतात आणि पहाटेच ठिबकतात. जमीन कोरडी असणे ही एक नोंद आहे, निष्कर्ष नव्हे.

तिसरी पायरी: डाग वाचणे

गाडीखाली ओल दिसलीच, तर ती कशाची आहे हे प्रथम ठरवावे. रात्री इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी त्यावरील डाग पाहावा. हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा, किंचित चिकट व गोडसर वासाचा डाग शीतकाचा असतो. तपकिरी अथवा काळा व तेलकट डाग इंजिनातील तेलाचा असतो. स्वच्छ, रंगहीन व वास नसलेले पाणी बहुधा वातानुकूलन यंत्रातून ठिबकलेले असते आणि तो दोष नव्हे. पुठ्ठ्यावर डागाशेजारी चाकांची बाजू लिहून ठेवल्यास गळती इंजिनाच्या पुढे आहे की मागे, हेही कळते.

डागाची चव घेऊन पाहण्याची सवय काहींना असते. ती प्राणघातक ठरू शकते. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असले तरी विषारी आहे. अंगणात सांडलेले शीतक कुत्री, मांजरे व लहान मुले चाटण्याचा संभव असतो. म्हणून ते ताबडतोब माती टाकून टिपून घ्यावे, ती माती मुलांच्या व जनावरांच्या वाटेपासून दूर ठेवावी आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. उरलेले शीतक कधीही पाण्याच्या जुन्या बाटलीत ठेवू नये.

चौथी पायरी: ओलीचा उगम

पाणी वरून खाली वाहते आणि पंख्याचा वारा ते मागे उडवितो. म्हणून जेथे थेंब लोंबतो तेथे दोष असेलच असे नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी, कारण उगम तिच्याजवळच असतो. ओल वाळून गेली असेल तर तिचा थर शोधावा. रंगीत शीतक वाळल्यावर रंगीत पूड मागे राहते, आणि क्षारयुक्त पाणी वाळल्यावर पांढुरका थर.

ही पाहणी ठराविक क्रमाने केल्यास काही सुटत नाही. प्रथम झाकण पाहावे, त्याचे रबर चिरलेले किंवा चपटे झालेले नाही ना याची खात्री करावी. मग रेडिएटरची जाळी आणि वरच्या-खालच्या टाक्यांचे जोड पाहावेत. त्यानंतर रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. फुगलेली, चिरा पडलेली किंवा फारच मऊ झालेली नळी बदलण्याजोगी समजावी. नळ्यांच्या टोकांवरील पट्ट्या, थर्मोस्टॅटच्या घरट्याचा जोड आणि इंजिनाच्या ठोकळ्यावर बसविलेल्या पत्र्याच्या गोल बुचांच्या कडा तपासाव्यात. ज्या गाडीत उबेची सोय असते, तिच्या आत पुढील पायपुसणे ओले लागणे, गोडसर वास येणे आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुके धरणे, या खुणा आतील छोट्या रेडिएटरची गळती दर्शवितात.

शेवटी पाण्याचा पंप पाहावा. पंपाच्या अंगावर, खालच्या बाजूस एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या आसाभोवतीचे सील झिजले, तर पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी या छिद्रातून बाहेर यावे, अशी ती योजना आहे. त्या छिद्राभोवती थोडासा जुना डाग असणे चिंतेचे नाही. पण तेथून खाली ओघळ उतरलेला असेल, तर सील निकामी झाले असे समजावे.

मिस्त्रीने टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पंपाखाली पाहिले. छिद्रापासून खाली करंगळीएवढा रुंद पांढरा ओघळ वाळून बसला होता. वर्षभर भरलेल्या बोअरच्या पाण्यातील क्षारांनीच ती खूण ठेवली होती. तो ओघळ पट्ट्याच्या मागे लपलेला असल्यामुळे वरून पाहणाऱ्याला दिसत नव्हता.

पाचवी पायरी: आतील गळती नाही ना?

एक दोष सापडला म्हणून तपासणी थांबविणे ही निदानातील दुसरी मोठी चूक होय. एकाच इंजिनात दोन गळत्या असू शकतात. हेड गॅस्केट गेल्याच्या काही ठळक खुणा असतात. तेल मोजण्याच्या पट्टीवर तेलाऐवजी दुधाळ चहासारखे मिश्रण दिसते. इंजिन गरम झाल्यानंतरही धुराड्यातून दाट, पांढरा व गोडसर वासाचा धूर येत राहतो. रेडिएटरचे तोंड उघडे ठेवून थंड इंजिन चालू केले असता पाण्यात सतत बुडबुडे येतात. इंजिन चालू करताच, पाणी तापण्यापूर्वीच, वरची नळी दगडासारखी कडक होते.

तथापि यांतील कोणतीही एक खूण पुरेशी मानू नये. थंडीच्या सकाळी निरोगी गाडीच्या धुराड्यातूनही थोडा वेळ पांढरी वाफ येते. तेल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पिवळसर साका केवळ दमटपणामुळेही जमतो. दोन स्वतंत्र खुणा एकाच ठिकाणाकडे बोट दाखवितील, तेव्हाच संशयाचे रूपांतर निष्कर्षात करावे.

यासाठी एक सोपी रासायनिक परीक्षाही उपलब्ध आहे. पारदर्शक नळीत निळा द्रव घेऊन ती रेडिएटरच्या तोंडावर बसवितात आणि पाण्यावरील हवा त्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधील जळालेले वायू पाण्यात शिरत असतील, तर त्यांतील कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव आम्लधर्मी होतो आणि त्याचा निळा रंग पालटून पिवळसर होतो. धर्मशाळेच्या अंगणात ही परीक्षा करण्यात आली. द्रव निळाच राहिला. तेलाची पट्टी स्वच्छ होती आणि पाण्यात बुडबुडे नव्हते.

सहावी पायरी: दाबाची परीक्षा

आता शेवटची साक्ष घ्यावयाची होती. थंड इंजिनात पाणी पूर्ण भरून झाकणाच्या जागी दाबमापक असलेला हातपंप बसवितात आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब देतात. त्याहून अधिक दाब देऊ नये, नाही तर चांगला जोडही फुटेल. मग दहा ते पंधरा मिनिटे काट्याकडे पाहत राहावयाचे. काटा स्थिर राहिला तर व्यवस्था घट्ट आहे. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली, तर गळती बाहेरची. काटा उतरला पण कोठेही ओल नाही, तर आतील गळतीचा संशय बळावतो. झाकणही याच हातपंपावर वेगळे तपासता येते.

जीपमध्ये दाब भरल्यानंतर तिसऱ्या मिनिटाला काटा हलला आणि पंपाच्या छिद्रातून थेंब ठिबकू लागले. दाब काढून घेताच ठिबकणे थांबले. रात्री जमीन कोरडी का राहत होती आणि चढावर पाणी अधिक का जात होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या थेंबांनी दिली. इंजिन उघडण्याची गरज नव्हती. पंप, त्याची जोडपट्टी आणि झिजलेला पट्टा बदलून, आतील क्षार धुऊन, नवे शीतक भरून पुन्हा दाबाची परीक्षा घेण्यात आली. काटा पंधरा मिनिटे जागचा हलला नाही. परतीच्या वाटेवर पहिले तीन दिवस रोज सकाळी थंड इंजिनात पातळी पाहून ती लिहून ठेवावी, असे मिस्त्रीने चालकाला बजावले. दुरुस्ती झाली की नाही, हे दुरुस्ती करणाऱ्याच्या शब्दावरून नव्हे, तर टिकलेल्या पातळीवरून ठरते.

काही चुकीच्या समजुती

रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बुजविणारी पूड टाकण्याची रीत वाहनचालकांत आढळते. निर्मनुष्य रस्त्यावर जवळच्या गावापर्यंत पोहोचण्यापुरता तो आधार समजावा. तीच पूड पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचून त्या बुजविते आणि गळती थांबली तरी गाडी तापू लागते.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नेहमीसाठी वापरणेही हानिकारक आहे. चहाच्या भांड्यात बसतो तसाच क्षारांचा थर इंजिनाच्या भिंतींवर बसतो. हा थर उष्णतेचा वाईट वाहक असल्यामुळे पाणी भरपूर असूनही धातू तापत राहतो. शिवाय गंजरोधक द्रव्ये नसलेल्या पाण्यात पंपाचे सील व नळ्या लवकर झिजतात. अडचणीच्या वेळी कोणतेही स्वच्छ पाणी चालेल, परंतु घरी परतताच ते काढून शुद्ध पाणी व शीतक यांचे योग्य मिश्रण भरावे.

शाळेत करण्याजोगे दोन प्रयोग

शिक्षकांना हा विषय विज्ञानाच्या तासाला सहज दाखविता येईल. प्लॅस्टिकच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून तिचे बूच घट्ट लावावे आणि तिच्या अंगाला सुईने एक बारीक छिद्र पाडावे. बाटली उभी ठेवली असता पाणी जवळजवळ बाहेर येत नाही. ती हाताने दाबताच मात्र बारीक धार उडते. दाबाखालीच प्रकट होणारी गळती म्हणजे काय, हे मुलांना एका क्षणात समजते.

दुसऱ्या प्रयोगात निवळीच्या चुन्याच्या पाण्यात नळीने सावकाश फुंकर घालावी. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे ते दुधाळ होते. फुंकताना पाणी तोंडात ओढले जाणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी. न दिसणारा वायू द्रवाच्या बदललेल्या रूपावरून ओळखता येतो, हेच तत्त्व मिस्त्रीच्या निळ्या द्रवातही आहे.

नोंदीचे महत्त्व

शासकीय वाहनांच्या नोंदवहीत डिझेल व तेल यांची नोंद काटेकोरपणे होते. ओतलेल्या पाण्याची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो, कारण पाणी फुकट असते. वास्तविक ही एकच नोंद, म्हणजे दिनांक, किलोमीटरचा आकडा आणि भरलेले पाणी, वाहनाच्या आजाराची पहिली सूचना देते. महिन्यात एकदाही पाणी लागले नाही, ही नोंद आरोग्याची. आठवड्याला अर्धा लिटर लागले, ही चौकशीची. रोज लागले, तर गाडी त्याच दिवशी तपासणीस पाठवावी. रुग्णवाहिकेच्या बाबतीत तर ही नोंद एखाद्याच्या प्राणाशी निगडित असते, कारण मध्यरात्री बाळंतिणीला घेऊन निघालेली गाडी घाटात उभी राहिली, तर तेथे दाबमापकही नसतो आणि मिस्त्रीही नसतो.

ज्याच्याकडे गाडी आहे, त्याच्याकडे पांढरा पुठ्ठा, टॉर्च आणि एक वही निश्चितच असू शकते. निदानाचा अर्धा भाग एवढ्याने होतो. उरलेला अर्धा जाणत्या मिस्त्रीवर सोपवावा. मात्र त्याच्याकडे जाताना 'पाणी कमी होते' एवढेच न सांगता किती, केव्हा आणि कोठे, हे सांगता आले पाहिजे.